फ्रेंच स्ट्रीटवरची दुकानं: लॅटिनो माणसांचे छोटे धंदे कशामुळे टिकतात?

रानजाई | सोमवार, रात्री ९:४०

मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहते, नोकरी न्यू ब्रन्सविकला. स्टेशनवर उतरून फ्रेंच स्ट्रीटने हॉस्पिटलच्या पुढे चालत गेलं की दोन्ही बाजूंना स्पॅनिश पाट्या सुरू होतात. लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसं, त्यांतली मेक्सिकोच्या वाहाका राज्यातली या भागात खूप. पानादेरिया म्हणजे पावाची बेकरी, मटणाचं दुकान, गावी पैसे पाठवायची खिडकी, केस कापायचं दुकान, सगळं एका रांगेत.

याच रस्त्यावर एक बाई पहाटे साडेपाचपासून कूलरमधून तमाल विकते. चार वर्षं मी तिच्याकडून घेतेय. मक्याच्या भिजवलेल्या पिठात मोले (मिरची-मसाल्यांचा दाट रस्सा) नि चिकन भरून केळीच्या पानात उकडलेले. पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा आईच्या पातोळ्या आठवून डोळे भरून आले होते. मी तिला ताई म्हणते, आता तीही मला ताईच म्हणते.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं, कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झालाय, घेऊ का? मला काहीच सांगता आलं नाही. चार वर्षांत या रस्त्यावर तीन खाणावळी उघडून बंद झालेल्या मी पाहिल्यात. त्यांतल्या एकीचं पोसोले अजून जिभेवर आहे. आणि त्यांच्याच शेजारची बेकरी मुलीच्या हातात जाऊन जोरात चाललीय.

तर जवळून पाहिलेलं असेल ते सांगा. ज्यांचं टिकतं त्यांचं कशामुळे टिकतं? "मेहनती लोक आहेत" एवढंच नको. मेहनती तर बंद पडलेलेही होते.

मोगरा | सोमवार, रात्री ९:५२

केळीच्या पानात! आधी त्याबद्दल अजून लिहा, मग धंद्याचं बघू.

पिंपळपार | सोमवार, रात्री ११:०५

मी शिकागोत, लिटल व्हिलेजमधल्या शाळेत अकरा वर्षं शिकवतोय. २६व्या स्ट्रीटवर "बिएनवेनिदोस" लिहिलेली मोठी कमान आहे, तिच्या आत शिरलं की दुकानाला दुकान लागून आहे. तिथे मला कळलेली गोष्ट अशी की एकटं दुकान क्वचित टिकतं, रांग टिकते.

मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की किन्सेनियेरा होते. ती म्हणजे आपल्याकडचं लग्नच समजा. झगा, केक, फोटोवाला, हॉल, गाण्याचा ताफा, बापासाठी नवे बूट. शेजारच्या राज्यांतूनही कुटुंबं शनिवारी गाडी काढून येतात, कारण सगळं एका फेरीत उरकतं. आलेली माणसं जेवतात, पाव घेतात, गावी पैसे पाठवतात. शिकागोतल्याच डेव्हन अव्हेन्यूवर आपलं तेच चालतं. १९७४ साली तिथे पटेल ब्रदर्सचं पहिलं किराणा दुकान निघालं. आज माणूस डाळ घ्यायला जातो, येताना साडी आणि मिठाईही आणतो.

म्हणून ताईंना एक विचारा. पहाटे साडेपाचला घेणारी माणसं कामावर निघालेली असतात. सकाळी अकराला त्या कोपऱ्यावरून कोण जातं? गाळ्याचं भाडं दिवसभराचं द्यायचं आणि गिऱ्हाईक दोन तासांचं, असं झालं तर अवघड आहे. एक आठवडा कोपऱ्यावर उभं राहून माणसं मोजा. मी थट्टा करत नाहीये, खरंच वही घेऊन मोजा.

तात्या_मिरजकर | मंगळवार, सकाळी १०:२०

मिरजेत माझं किराणा दुकान आहे, तीस वर्षं झाली. अमेरिकेचं मला काही माहीत नाही, पण पहिलं भांडवल ही मंडळी आणतात कुठून? माझं भिशीतून आलं. वीस जणांची भिशी होती, माझा नंबर सातवा. त्या पैशात फ्रीज घेतला आणि दूध-दही ठेवायला लागलो, तिथून गाडी रुळावर आली.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ११:०३ (लॉस एंजेलिसची रात्र)

तात्या, अगदी तेच! मेक्सिकोची माणसं त्याला तांदा म्हणतात. तांदा म्हणजे पाळी, कुणाची पाळी कधी ती. ग्वाटेमाला, साल्वादोरवाले कुचुबाल म्हणतात, डोमिनिकन मंडळी सान म्हणतात. दहा जणांनी दर आठवड्याला शंभर डॉलर काढायचे, दर वेळी एकाला हजार मिळतात. व्याज नाही, कागद नाही. आमच्या ऑफिसची सफाई करणाऱ्या मावशींच्या तांद्यात मी दोन वर्षं होते. एकदाही कुणी बुडवलं नाही, कारण बुडवून जाणार कुठे? सगळ्या एकाच चर्चमधल्या.

सॅन फ्रान्सिस्कोत मिशन ॲसेट फंड नावाची संस्था २००७ पासून आहे, तिने यातून फार हुशारीचं काम केलं. तांदा तसाच ठेवला, बिनव्याजी, फक्त कागदावर आणला आणि दर महिन्याचा हप्ता क्रेडिट ब्युरोला कळवायला सुरुवात केली. जी बाई पंधरा वर्षं एकही हप्ता न चुकवता भिशी भरत होती, पण बँकेच्या लेखी जिचा काही इतिहासच नव्हता, तिचा क्रेडिट स्कोअर उभा राहिला.

दुसरं म्हणजे लहान सुरुवात. किंग टाको आज इथे सगळ्यांना माहीत आहे, पण १९७४ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये तो जुन्या आइस्क्रीमच्या गाडीवर सुरू झाला. नॉर्थगेट मार्केटची आज चाळीसेक किराणा दुकानं आहेत. मेक्सिकोतल्या हालिस्कोतून आलेल्या गोन्झालेस कुटुंबाने १९८० मध्ये ॲनाहाइममध्ये एका दारूच्या दुकानापासून सुरुवात केली. सगळे भाऊबहीण कामाला. आधी गिऱ्हाईक हातात आणि मग भिंती, असा क्रम मी इथे पुष्कळ ठिकाणी पाहिला. तुमच्या ताईंचं गिऱ्हाईक चार वर्षांचं आहे, हे माझ्या मते अर्धं काम झालं.

कडकलक्ष्मी | मंगळवार, दुपारी १:१५

"सगळे भाऊबहीण कामाला" हे वाचायला गोड वाटतं. मी डॅलसमध्ये शाळेत समुपदेशक आहे, या घरांतली मुलं रोज माझ्यासमोर बसतात. नऊ वर्षांची मुलगी आईसाठी हेल्थ इन्स्पेक्टरशी इंग्रजीत बोलते. चौदा वर्षांचा मुलगा पुरवठादाराशी भाव करतो आणि रात्री अकराला गृहपाठ काढतो. बायको सकाळी सातपासून गल्ल्यावर, तिचा पगार कुठेच लिहिलेला नाही. नवरा-बायको वेगळे झाले तर "तू काय केलंस दुकानात?" असं तिलाच विचारलं जातं.

कुटुंबाचा आधार हे यशाचं कारण आहे, मान्य. पण तो फुकट मिळत नाही, त्याची किंमत घरातलं कुणीतरी मोजतं. ताईंना सांगणार असाल तर हेही सांगा की मुलीला गल्ल्यावर बसवणार असशील तर तिचा पगार पहिल्या दिवसापासून वहीत लिही.

पिंपळपार | मंगळवार, दुपारी २:०१

लक्ष्मीताई, पटलं. माझ्याही वर्गात सोमवारी पेंगणारी मुलं आहेत. मी कमानीच्या आतली रोषणाई लिहिली, हे लिहायचं राहिलं.

वहीखाते | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

मी सॅन अँटोनियोत करसल्लागार आहे. निम्म्याहून जास्त अशील लॅटिनो: हिरवळ कापणारे, ड्रायवॉलवाले, दोन पानादेरिया, एक टायरचं दुकान. सतरा वर्षांत जे पाहिलं ते सविस्तर लिहितो.

भिशी, कुटुंब, आपली गल्ली, यांच्यावर पहिलं दुकान निघतं. दुसरं निघत नाही. दुसऱ्याला कागद लागतो.

माझ्याकडे एकाच वर्षी दोन टायरवाले आले होते. दोघांचा गल्ला जवळपास सारखा, धंदा बराचसा रोख. एकाने रोखीतली कमाई रिटर्नमध्ये धरायची नाही असं ठरवलं, मी ऐकेना म्हणून दुसऱ्याकडे गेला. कर वाचला. दुसऱ्याने कुरकुरत का होईना, पण पैसा न् पैसा दाखवला. चार वर्षांनी शेजारचं गॅरेज विकायला निघालं. दोघेही कर्ज मागायला गेले. कर्ज देणारा दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतो आणि शेड्यूल सीवर, म्हणजे रिटर्नमधल्या धंद्याच्या पानावर, निव्वळ नफा किती ते पाहतो. पहिल्याच्या कागदावर नफा इतका थोडा की घर कसं चालतं हाच प्रश्न पडावा. गॅरेज दुसऱ्याला मिळालं. पहिला माणूस अतिशय प्रामाणिक, गिऱ्हाइकाला कधी फसवलं नाही, पण बँकेला ते दिसणार कुठून?

ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्यांना वाटतं कागद आपल्यासाठी नाहीच. तसं नाही. १९९६ पासून आयटिन हा फक्त करासाठीचा नंबर मिळतो, त्यावर रिटर्न भरता येतं, आणि काही क्रेडिट युनियन व सामुदायिक कर्जसंस्था आयटिनवर धंद्याला कर्जही देतात. सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही तर तो नंबर बाद होतो, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि एक धोका. बँक नाही म्हणाली की दुसऱ्या दिवशी फोन येतो, "उद्या पैसे देतो, कागद नको." ही रोजच्या विक्रीतून कापून घ्यायची उचल असते. व्याज म्हणत नाहीत, त्यामुळे वर्षाचा दर कळत नाही. हिशेब मांडला की पोटात गोळा येतो. माझी एक पानादेरिया याच्यात गेली. चव उत्तम, रांग दारात, आणि रोज सकाळी खात्यातून पैसे जाताहेत. त्या बाई माझ्यासमोर रडल्या, तो दिवस मी विसरलो नाही. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदा करून असल्या उचलीचा दर आधी सांगायची सक्ती केली, डिसेंबर २०२२ पासून ती अमलात आली.

घारगा | मंगळवार, रात्री ८:१०

वहीखातेकाका, ही पोस्ट छापून ठेवायला हवी.

थोडं खाण्याचं. मोगराताईंनी विचारलंय ते कुणी सांगितलंच नाही! मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सालं निघतात, मग वाटतात. त्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका जगभर गेला पण ही युक्ती बरोबर गेली नाही, म्हणून जिथे लोक नुसत्या मक्यावर जगले तिथे पेलाग्राचा आजार पसरला. हाताने असं पीठ करणारी बाई आणि पाकिटातलं पीठ वापरणारी, यांच्या तमालमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. ताई कोणतं वापरतात?

रानजाई | मंगळवार, रात्री ८:३१

घरचंच. नवरा रात्री मका धुतो, ती पहाटे दोनला उठते.

शेवटची_लोकल | बुधवार, सकाळी ६:५५

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून लिहितोय. ७४व्या स्ट्रीटवर आपली भाजी-मिठाई आणि कोपरा वळलं की रूझवेल्ट अव्हेन्यूवर कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको. रोज संध्याकाळी पुलावरून जाणाऱ्या ट्रेनखालून चालत घरी येतो.

वरच्या चर्चेत परवाना हा शब्द आला नाही याचं नवल वाटलं. न्यूयॉर्कने १९८३ मध्ये खाण्याच्या गाड्यांच्या परवान्यांवर तीनेक हजारांची मर्यादा घातली. सरकारी फी दोन वर्षांना २०० डॉलर. पण परवाना मिळतच नसे, म्हणून ज्याच्याकडे असे त्याच्याकडून वीस-वीस हजार डॉलर देऊन तो वापरायला घ्यावा लागे. म्हणजे आरेपा विकणाऱ्या बाईची कमाई तिच्या गाडीला कधी हातही न लावलेल्या माणसाकडे जायची. २०२१ मध्ये वर्षाला ४४५ नवे परवाने, दहा वर्षं, असा कायदा झाला. दरम्यान दंड, माल जप्त, गाडी उचलून नेणं चालूच होतं. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये फुटपाथवर विकणं हा गुन्हाच राहणार नाही असा कायदा केला, तसं इथेही तेव्हाच झालं असतं तर कितीतरी गाड्यांची आज दुकानं असती.

भिशी, चव, कुटुंब सगळं असून शहरानेच दार लावून घेतलं तर माणूस काय करणार?

निळावंती | बुधवार, सकाळी ९:४०

मायामीत बावीस वर्षं. मला "लॅटिनो" असं एकच गाठोडं बांधणं खटकतं. इथले क्युबन यशस्वी झाले म्हणून सगळे उदाहरण देतात. पण ते कसे झाले ते बघा. १९५९ च्या क्रांतीनंतर पहिल्यांदा आले ते हवानाचे व्यापारी, वकील, बँकवाले. १९६१ पासून सरकारने निर्वासितांसाठी मदत सुरू केली, १९६६ च्या कायद्याने कायम राहण्याचा मार्ग मोकळा केला. हवानात बँकेत असलेली माणसं मायामीच्या छोट्या बँकांत लागली आणि त्यांनी ओळखीच्या क्युबनांना तारण नसताना, केवळ तिकडच्या नावलौकिकावर कर्जं दिली. अशा शब्दावरच्या कर्जांवर इथले कितीतरी धंदे उभे राहिले. सत्तरच्या दशकात ती बंद झाली. १९८० मध्ये मारिएल बंदरातून जे गरीब क्युबन आले त्यांना तो हात मिळालाच नाही. बेट तेच, भाषा तीच, पण धंद्यांची वाट वेगळी झाली.

म्हणजे वहीखाते म्हणतात तो कागद आणि राहण्याचा कागद, दोन्ही मोजायला हवेत. वाहाकाहून आलेल्या बाईची तुलना १९६२ च्या हवानाच्या डॉक्टरशी करू नका.

वहीखाते | बुधवार, दुपारी १२:१८

निळावंतीताई, खरं आहे. माझ्या पोस्टमध्ये ते आलं नाही. ज्याला उद्या इथे असू की नाही माहीत नाही तो पाच वर्षांचं लीज कसं करेल? न्यू जर्सीत निदान एक बरं झालंय: मे २०२१ पासून राहण्याचा दर्जा न पाहता गाडीचं लायसन्स मिळतं. धंद्याला त्याचा किती उपयोग होतो ते व्हॅन चालवणाऱ्याला विचारा.

घारगा | बुधवार, दुपारी १२:५०

गोया कंपनीच्या डब्यातले राजमे घरोघरी असतात म्हणून विचारतो, ती कंपनी लॅटिनो धरायची का?

निळावंती | बुधवार, दुपारी १:३०

१९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू करणारं जोडपं मूळचं स्पेनचं. म्हणजे हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषेचे) नक्की, लॅटिनो म्हणायचं की नाही यावर इथे जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात. ब्राझीलवाले उलटे, लॅटिन अमेरिकेचे पण स्पॅनिश न बोलणारे. पण गोयावाल्यांकडून एक घेण्यासारखं आहे. आधी स्पॅनिश माणसांना ऑलिव्ह आणि सार्डिन विकले, मग पोर्तो रिकोची माणसं वाढली तसे त्यांची कडधान्यं आणली, मग डोमिनिकन, क्युबन, मेक्सिकन. नवं गिऱ्हाईक गावात आलं की त्याच्या स्वयंपाकघरात काय लागतं ते शोधलं.

उंबरठा | बुधवार, रात्री ११:२०

आणि कधी गिऱ्हाईक शेजारच्याच स्वयंपाकघरातून येतं. कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीकडे शंभर वर्षांपूर्वी पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, कारण गोऱ्यांशी लग्नाला कायद्याने बंदी होती. त्यांच्यातल्या एका कुटुंबाच्या हॉटेलात रोटी केसादिया मिळायची.

रानजाई, तुमच्या ताईंचं पहिलं परकं गिऱ्हाईक तुम्हीच आहात. एडिसनमध्ये अजून किती जणांना पातोळ्या आठवतील, बघा.

मोगरा | गुरुवार, सकाळी ७:१५

आता खाण्याचं कळलं, म्हणून मी कामाचं लिहिते. मी न्यू जर्सीतच घरून नानकटाई आणि केक विकते. घरी भाजलेलं विकायला परवानगी देणारं हे देशातलं शेवटचं राज्य, ऑक्टोबर २०२१ मध्ये नियम आला. पण तो पाव, बिस्किटं, असल्या बाहेर ठेवून न बिघडणाऱ्या पदार्थांपुरता. चिकनचे तमाल त्यात बसणार नाहीत. ताईंना परवान्याचं स्वयंपाकघरच लागेल.

गाळा हा एकच मार्ग नाही. तासावर भाड्याने मिळणारी परवानाधारक स्वयंपाकघरं असतात. सॅन फ्रान्सिस्कोतली ला कोसिना २००५ पासून हेच करते: बायकांना स्वयंपाकघर, पदार्थाची किंमत लावायचं शिक्षण, परवान्याची मदत, आणि तयारी झाल्यावरच दुकान. आपल्याकडे तेवढं मोठं नाही, पण मी जाते त्या किचनमध्ये दोन कोलंबियन बायका एम्पानादा करतात. ताईंना घेऊन या, मी ओळख करून देते. फोन निरोपात पाठवलाय.

आणि किंमत! एका तमालला ती किती घेते?

रानजाई | गुरुवार, सकाळी ७:४०

दोन डॉलर. चार वर्षं तेच.

मोगरा | गुरुवार, सकाळी ७:४४

चार वर्षांत चिकन, गॅस, केळीची पानं सगळं महागलं. तिने स्वतःची पहाट त्यात धरलेलीच नाही. गाळ्याआधी हे.

तात्या_मिरजकर | गुरुवार, सकाळी ८:३०

मोगराताई बरोबर. ओळखीच्या माणसाला भाव वाढवून सांगायला जीभ रेटत नाही. मलाही चहापत्तीचा भाव वाढवताना वाटायचं. पण गिऱ्हाईक समजून घेतं. आपणच उगाच घाबरतो.

शेवटची_लोकल | शुक्रवार, सकाळी ७:०५

एक सावधगिरी. कागदपत्रांसाठी ताई "नोतारियो"कडे जात असतील तर थांबवा. मेक्सिकोत नोतारियो म्हणजे मोठा वकील. इथला नोटरी फक्त शिक्का मारतो. या नावाच्या गोंधळाचा फायदा घेऊन लुबाडणारे रूझवेल्टवर मी डोळ्यांनी पाहिलेत. एका शेजाऱ्याचे पैसे गेलेच, वर चुकीचा अर्ज भरल्यामुळे जास्त अडचण झाली.

रानजाई | रविवार, रात्री १०:१०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल ताईकडे गेले होते, दोन तास बसलो. तिची मुलगी नर्सिंग शिकतेय, ती मध्ये बसून बोलणं समजावत होती. लक्ष्मीताईंचं वाचलं असल्यामुळे मी आधी तिलाच विचारलं, तुला चालेल ना? ती हसून म्हणाली, सात वर्षांची असल्यापासून हेच करतेय, पण विचारलं आजच कुणीतरी.

ताईकडे आयटिन आहे, आठ वर्षांपासून! दर वर्षी रिटर्न भरते. बिस्किटांच्या निळ्या डब्यात सगळ्या पावत्या, मका कितीला, पानं कितीला, आणि रोजच्या विक्रीची वही तारखेसकट. वहीखातेकाका, मी डबा उघडला आणि तुम्हीच आठवलात. तांदाही आहे, तिचा नंबर मार्चमध्ये. उचलीचा फोन मात्र येऊन गेलाय, ती हो म्हणणार होती. मी हात जोडले.

पिंपळपार, आम्ही तिघींनी शुक्रवारी माणसं मोजली. अकरा ते दोन हॉस्पिटलची माणसं कोपऱ्यापर्यंत येतात, पुढे येत नाहीत. किंमत सोमवारपासून तीन डॉलर. पहिला तीन डॉलरचा मी घेणार. मोगरा, आम्ही बुधवारी तुमच्या किचनमध्ये येतोय.

गाळा अजून सोडलेला नाही. मालकाने लीज दिलंय, तेवीस पानं, सगळं इंग्रजीत. पाच वर्षांचं. शनिवारी मी आणि मुलगी वाचायला बसतोय.

वहीखाते | रविवार, रात्री १०:३२

त्या मुलीला आणि ताईंना माझा नमस्कार सांगा. सही करू नका. वाचताना तीन जागी खूण करा: भाडं दर वर्षी किती वाढतं, इमारतीचा कर आणि विमा भाडेकरूवर टाकलाय का, आणि "वैयक्तिक हमी" हे शब्द कुठे आहेत का. तिसरं बहुतेक शेवटच्या पानांत असेल. नंतर एखाद्या वकिलाला दाखवा, बऱ्याच लॉ कॉलेजांत छोट्या धंद्यांसाठी फुकट सल्ला मिळतो. पण आधी तुम्ही दोघी वाचा आणि सापडलं की इथे लिहा. मी शनिवारी दिवसभर आहे.